पंचविसाचा स्कोप

रायफलवर किती एक्सचा, म्हणजे किती पट मोठं दाखवणारा, स्कोप बसवावा, हे माझ्या भावानं बॉबलिंगेनमधल्या अर्ध्या गावाला विचारलं. ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये शेजारी बसणाऱ्याला विचारलं, शिकारीच्या शाळेतल्या मास्तरांना विचारलं, श्टुटगार्टच्या दुकानातल्या सेल्समनला विचारलं, यूट्यूबवर टोपी उलटी घालून बडबड करणाऱ्या चार अमेरिकनांचं तासन्‌तास ऐकलं. माझ्या नवऱ्यालाही फोन करून विचारलं, ज्यानं आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडलेले नाहीत. मला विचारलं नाही.

मी येनाला राहते आणि भिंगांवर काम करते. दुर्बिणीतून किती प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो, चित्र कडेला कुठे फाटतं, हे तपासणं हा माझा रोजचा उद्योग. त्यातून उरलेल्या शनिवारी मी नेमबाजीच्या क्लबात जाते आणि शंभर मीटरवरच्या कागदाला भोकं पाडते. तेव्हा या एका विषयात तरी घरात माझा शब्द चालायला हरकत नव्हती. पण दादा मोठा, मी धाकटी, आणि धाकट्या बहिणीला काही विचारायचं नसतं, सांगायचं असतं, हा त्याचा नियम मी फ्रॉक घालत होते तेव्हापासूनचा आहे.

त्यामुळे त्यानं मला सांगितलंच. स्कोप घेऊन झाल्यावर. ‘पाच ते पंचवीस’ असं तो म्हणाला आणि थांबला, कारण इथे मी ‘अरे वा’ म्हणावं अशी जागा होती. मी विचारलं, कशासाठी? तर तो दुखावला.

कशासाठी ते मला माहीत होतं. दादानं आदल्या वर्षी तीन आठवड्यांचा झटपट कोर्स करून शिकारीची परीक्षा दिली होती. जर्मन लोक या परीक्षेला गमतीनं ‘हिरवं आबिटूर’, म्हणजे हिरवी बारावी म्हणतात. दादानं ती गंमत म्हणून घेतली नाही. पहिल्या फटक्यात पास झालो, हे त्यानं मंडळाच्या गणपतीत आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात सगळ्यांना सांगितलं. पुण्यात आईला मात्र आपण एका ‘नेचर क्लब’चे मेंबर झालो आहोत असं कळवलं. आईनं विचारलं, झाडं लावता का रे? तो म्हणाला, हो, तसंच काहीतरी.

मग कोणाच्या तरी ओळखीनं त्याला आल्बच्या डोंगराळ भागातले एक म्हातारे गृहस्थ भेटले. निवृत्त दंतवैद्य. त्यांनी तिथलं रान शिकारीसाठी भाड्यानं घेतलेलं होतं. इथे ज्याच्याकडे रान आहे त्याच्या परवानगीशिवाय परीक्षा पास झालेला माणूस सशालासुद्धा हात लावू शकत नाही. डॉक्टरांनी दादाला परवानगी दिली, पण फक्त कोल्हे, रकून आणि ओढ्याकाठी बिळं करणारे न्यूट्रिया यांच्यापुरती. ज्यांना उपद्रवी म्हणतात, ते प्राणी. काम बघू, हात बघू, मग पुढच्या वर्षी हरणाचं बोलू, असं ते म्हणाले होते. दादाच्या डोक्यात त्या दिवसापासून ते हरणच उभं होतं. कोल्हा ही त्याच्या लेखी तोंडी परीक्षा.

उपद्रवी या शब्दाचा मला राग आहे. एकदा तो चिकटवला की माणसाला हवं तसं वागायला मोकळीक मिळते. हरणावर कोणी वेडीवाकडी गोळी झाडली तर चारचौघांत मान खाली घालतात. कोल्ह्यावर झाडली तर म्हणतात, चालायचंच.

फोनवर मी दादाला विचारलं की गोळी किती अंतरावरून घालणार आहेस. म्हणाला, पन्नास मीटर, फार तर शंभर. मी म्हटलं, मग आठ पुष्कळ झालं, दहा म्हणजे चैन. आणि का ते नीट सांगितलं. पुढच्या भिंगाची रुंदी छप्पन्न मिलिमीटर. तिला जितक्या पटीनं मोठं करायचं त्या आकड्यानं भागायचं, की डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत किती जाड ते कळतं. आठला सात मिलिमीटर. पंचविसाला जेमतेम दोन. कोल्हा येतो पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला, तेव्हा आपली बाहुली सताड उघडी असते आणि तू तिला सुतळीएवढा उजेड देणार. शिवाय पंचविसावर शंभर मीटरवरचं जग दीड मीटर रुंद दिसतं, पन्नासवरचं त्याच्या निम्मं. कोल्हा त्यात मावतही नाही. एवढ्याशा झरोक्यातून तू चालतं जनावर शोधणार कसं?

दादा म्हणाला, “कमी कधीही करता येतं गं. मॅक्सिमम असलेलं बरं.”

हे वाक्य मी कामावरही ऐकते. माल विकणारे लोक म्हणतात आणि विकत घेणारेही म्हणतात. कमी करता येतं हे खरंच आहे. स्कोपवरची आकड्यांची कडी फिरवायला दोन बोटं लागतात. पण ज्यानं मोठ्या आकड्यासाठी स्कोप घेतला, तो माणूस कडी मोठ्या आकड्यावरच ठेवतो.

मग त्यानं हुकमाचं पान काढलं. म्हणाला, तू स्वतः क्लबात चोवीस वापरतेस आणि मला आठ सांगतेस. म्हणजे चांगलं ते तुला आणि भावाला उरलंसुरलं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा एकूण सूर.

हो, मी चोवीस वापरते. माझा कागद पळत नाही. त्याला भूक लागत नाही, तो उंदरामागे उडी मारत नाही, आणि माझी गोळी दोन बोटं बाजूला गेली तर त्याला दुखत नाही. रायफल टेकू लावून ठेवलेली असते, वेळ माझा असतो, आणि आधीचं भोक कुठे पडलं ते मला बसल्या जागेवरून बघायचं असतं. त्यासाठी मोठा आकडा हवा. आणि तिथेही उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापली की हवा तव्यावरच्या वाफेसारखी हलायला लागते, लक्ष्याची वर्तुळं पोहायला लागतात, तेव्हा क्लबातले सगळे जुने लोक मुकाट्यानं पंधरावर येतात. उभं राहून नेम धरायचा असला तर मी आणखी खाली येते. कारण मोठा आकडा लक्ष्य मोठं करतो तसा आपला थरकापही मोठा करतो. आपल्या हृदयाचा प्रत्येक ठोका स्कोपमधल्या नेमाच्या रेघांत दिसतो. नवखा माणूस ते बघून घाबरतो, रेघ बरोबर जागेवर आली की आत्ताच म्हणून घोडा झटक्यानं ओढतो, आणि चुकतो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. एकदा फोनवर, एकदा तो आला तेव्हा चहा पिताना, एकदा रेंजवर. तो ‘हं, हं, गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिला. पालथ्या घड्यावर पाणी.

रेंजवर तो आला, कारण स्कोप बसवून घ्यायचा होता. त्यासाठी बहीण चालते. वसंतात वहिनींना घेऊन येनाला आला आणि रायफल माझ्यापुढे ठेवली. लहान कॅलिबरची हलकी, देखणी रायफल आणि तिच्यावर तो हातभर लांब, जाडजूड स्कोप. नाकापेक्षा मोती जड. मी तो नीट पातळीत बसवला, स्क्रू ठरलेल्या ताकदीनं आवळले, शंभर मीटरवर नेम जुळवला. शेवटच्या तीन गोळ्यांची भोकं एकमेकांना चिकटून पडली. त्या कामाबद्दल मला आजही शंका नाही.

मग दादा बसला. त्यानं कडी पंचविसावर नेली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकली आणि पाच गोळ्या झाडल्या. चांगल्या झाडल्या, खोटं कशाला बोलू. पिशवीवर टेकलेली रायफल, ढगाळ सकाळ, हलणारं काही नाही. त्यानं त्या कागदाचा फोटो काढून स्टेटसला लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, की झालं ना आता समाधान?

रायफल पेटीत ठेवताना मी कडी आठवर आणली. त्यानं ती लगेच परत फिरवली.

“अगं, पंचविसाचे पैसे दिलेत. आठवर ठेवायला काय वेड लागलंय?”

हे आमच्या घराण्याचं दुखणं आहे आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या मराठी लोकांचंही. थाळी घेतली की पोट तट्ट फुगलं तरी श्रीखंडाची तिसरी वाटी घ्यायचीच, कारण थाळीत अमर्यादित आहे. महिन्याचा पास काढला की दोन गल्ल्या पलीकडे जायलाही ट्राम. दादा बाकी सगळ्यात जर्मन झालाय. कचरा चार डब्यांत टाकतो, रविवारी कपडे मशीनला लावत नाही, पोरं जर्मनमध्ये उलट बोलली की जर्मनमध्येच रागावतो. पण ज्याचे पैसे दिले ते पुरेपूर वापरायचं, हे त्यानं पुण्याहून आणलं तसंच ठेवलं आहे. यूट्यूबवरच्या अमेरिकनाला निदान चारशे मीटरवरचा गवतातला प्राणी टिपायचा असतो. त्यानं पंचवीस घेतला त्यात काही अर्थ आहे. दादाला पन्नास मीटरवर पंचवीस हवा होता, कारण बिल पंचविसाचं होतं.

परत जाताना वहिनी गाडीत बसण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तुम्ही भावंडं आकड्यावरून काय भांडता, ह्यांना आठ म्हटलं की कमीपणा वाटतो, एवढंच आहे ते. मला वहिनींचाही राग आला. एवढं कळतंय तर दादाला का नाही सांगत, असं म्हणणार होते. पण त्या सांगतात आणि तो ऐकत नाही, हे मी वीस वर्षं बघते आहे.

ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला. गव्हाची कापणी झाली होती, कोल्हे उंदरांसाठी उघड्या रानात यायला लागले होते, आणि पहिल्या कोल्ह्याच्या वेळी मी तिथे असावं असं त्याला वाटत होतं. इतक्या हौसेनं बोलावलं की मी रजा टाकून गेले. मला फक्त सोबत बसता येणार होतं. माझ्याकडे शिकारीचा परवाना नाही आणि मला तो नकोही आहे.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरांच्या अंगणात कॉफी प्यायलो. उंच, हाडकुळे, बोलायला कमी. पायाशी राठ केसांचा एक मोठा कुत्रा पडलेला. त्यांनी दादाला मोजकंच सांगितलं: कोल्हा जवळ असेल, आडवा उभा असेल, तरच; शंका आली की बोट घोड्यावरून बाहेर. मग स्कोपकडे बघून विचारलं, केवढा आहे. दादा म्हणाला, पाच ते पंचवीस. डॉक्टर भुवया उंचावून ‘ओहा’ एवढंच म्हणाले. गाडीत दादा मला म्हणाला, बघितलंस, इम्प्रेस झाले.

सकाळी आम्ही मचाणावर बसलो. समोर कापलेल्या गव्हाचे खुंट, डाव्या हाताला उभा मका. ऊन वर आलं तेव्हा कोल्हा मक्यातून बाहेर आला. माझ्याकडे आठाची साधी दुर्बीण होती आणि तिच्यातून मला तो सगळा दिसत होता, नाकापासून शेपटीच्या पांढऱ्या टोकापर्यंत. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, मान तिरकी करून मातीत ऐकायचा, आणि मग चारी पाय एकदम उचलून उंदरावर उडी टाकायचा. एकदा मिळाला, दोनदा नाही मिळाला. आमच्यापासून पन्नास मीटर असेल, जास्त नाही.

दादानं रायफल कठड्यावर टेकून डोळा लावला. नळी डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे गेली. त्याला कोल्हा सापडत नव्हता. पन्नास मीटरवर, उघड्या रानात, उन्हात उभा असलेला कोल्हा सापडत नव्हता. मी त्याच्या कानाशी म्हटलं, दादा, कमी कर. त्यानं डोळा न काढता मान हलवली. मला कडीवरचा पंचविसाचा आकडा स्पष्ट दिसत होता, माझ्या नाकासमोर होता तो.

मग नळी थांबली. त्याला काय दिसत असेल ते मला न बघता सांगता येतं. झरोकाभर तांबूस केस. डोकं नाही, शेपूट नाही, खांदा कुठे आणि मांडी कुठे याचा पत्ता नाही. आणि त्या केसांवर, कधी कुठल्या जनावरावर गोळी न झाडलेल्या माणसाच्या छातीच्या ठोक्यांनी नाचणाऱ्या रेघा. मी पुन्हा म्हटलं, आठवर आण. तो ‘शू’ म्हणाला आणि त्यानं घोडा ओढला.

कोल्हा जागच्या जागी गरकन फिरला, स्वतःच्याच मांडीला चावला, आणि तीन पायांवर मक्यात शिरला. मागचा एक पाय नुसता लोंबत होता. मी दुर्बिणीतून सगळं बघितलं. गोळी कुठे लागली ते दादानं बघितलंच नव्हतं. धक्का बसल्यावर पंचविसातून फक्त आभाळ दिसतं.

“चुकली,” तो म्हणाला.

मी म्हटलं, लागली आहे, मागच्या पायाला. तो म्हणाला, छे गं, पळाला बघ कसा. मी म्हटलं, तीन पायांवर पळाला. तो रायफल रिकामी करत बसला. खूप हळूहळू करत बसला.

जखमी जनावर सोडून यायचं नाही, हे त्या कोर्समध्ये पहिल्यांदा शिकवतात. लगेच कळवायचं, कुत्रा मागवायचा, माग काढायचा, आणि त्याचा त्रास संपवायचा. कोल्हा असला तरी. दादाला हे तोंडपाठ होतं, त्या परीक्षेत पूर्ण गुण मिळाल्याचं त्यानंच सांगितलं होतं. डॉक्टरांचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता आणि फोन त्याच्या खिशात. मी म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, जरा बसू आधी. मग म्हणाला, पहिल्याच वेळी असं झालं हे कळलं तर हरणाचं विसरायला हवं. मग म्हणाला, रात्रीपर्यंत मरेलच तो. आणि शेवटी ते म्हणाला जे मी अजून विसरले नाही.

“कोल्हाच आहे गं. एक उपद्रवी कमी झाला.”

मक्यात, आमच्यापासून दगड टाकण्याएवढ्या अंतरावर, एक जनावर मोडलेल्या पायानिशी पडलेलं आणि हा माणूस पुढच्या वर्षीच्या हरणाचा हिशेब करतोय. माझा सख्खा भाऊ, ज्यानं लहानपणी जिन्यात सापडलेल्या मांजराच्या पिल्लाला ड्रॉपरनं दूध पाजलं होतं. मी त्याला म्हटलं, तू आत्ता फोन कर, नाहीतर मी चालत त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. आणि शिडी उतरायला लागले. मी खाली पोचले तेव्हा वरून त्याचा जर्मनमधला मऊ आवाज ऐकू आला. त्यानं फोन केला होता.

डॉक्टर येईपर्यंत मी खुंटांमधून चालत जाऊन ती जागा शोधली. रक्ताचे थेंब होते आणि हाडाचा एक पांढरा कपचा. मी तो उचलला नाही, शेजारी काठी रोवून ठेवली. दादा वरच बसून होता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खाली वाकून हाड बघितलं, कुत्र्याला लांब पट्टा लावला आणि रक्तावर आणून सोडलं. दोघं मक्यात शिरले. दादा आता खाली आला होता, रायफल खांद्याला अडकवून माझ्या शेजारी उभा होता. मका हलत लांब गेला, वळला, परत जवळ आला. मग आतून एक आवाज आला, लहान मूल झोपेत दचकून किंचाळतं तसा, आणि कुत्र्याचं भुंकणं, आणि एक गोळी.

त्यांनी तिला बाहेर आणलं. कोल्हीण होती, बारीक. एवढ्या वेळात ती मक्याच्या सात-आठ ओळी पलीकडे जाऊन स्वतःचा पाय चाटत पडलेली होती. डॉक्टरांनी तिला बांधावर उजव्या कुशीवर ठेवलं, इथे ठेवतात तशी, आणि डोक्यावरची हॅट काढली. मीही हात जोडले. मग त्यांनी दादाला शांतपणे विचारलं की अंतर किती होतं. दादा म्हणाला, सत्तर-ऐंशी. आणि स्कोप कितीवर होता?

“आठवर,” दादा म्हणाला, आणि रायफल खांद्यावरून काढून त्यांच्यापुढे धरली.

मी बघितलं. कडी आठवर होती.

दादा पुढे बोलतच होता. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर’, म्हणाला, हा स्कोप माझ्या बहिणीनं बसवलाय, येनाला, ती तिथे ऑप्टिक्समध्येच आहे, फार हुशार आहे. पण प्रवासात काही हललं असेल किंवा मुळातच नेम जरा इकडे तिकडे राहिला असेल. हे सगळं अगदी सभ्य जर्मनमध्ये, माझ्याकडे बघून हसत. चोराच्या उलट्या बोंबा आणि त्याही माझी तारीफ करत.

मला आधी वाटलं की त्यानं माझ्यावर आळ घेतला म्हणून मी चिडले आहे. ते होतंच. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. इतके महिने मी आठ, आठ म्हणून कंठशोष केला होता आणि मला वाटत होतं की त्याच्या डोक्यात काही शिरलंच नाही. शिरलं होतं. शब्द न्‌ शब्द शिरला होता. कुठला आकडा असायला हवा होता ते त्याला पक्कं माहीत होतं, इतकं की मी खाली रक्त शोधत असताना मचाणावर बसून त्यानं कडी बरोबर तिथे आणून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा दादानं माझं ऐकलं, ते कोल्हिणीचा पाय गेल्यावर आणि खोटं बोलण्यासाठी.

मी डॉक्टरांना म्हटलं की गोळी सुटली तेव्हा कडी पंचविसावर होती. मी शेजारी बसले होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं, दोनदा कमी करायला सांगितलं. अंतर पन्नास मीटर होतं, काठी रोवली आहे तिथून मोजून बघा. आणि मी जुळवलेला नेम तपासायचा असेल तर आत्ता, तुमच्या हातानं तपासा.

डॉक्टरांनी दादाकडे बघितलं. दादा माझ्याकडे बघत होता. तो मराठीत म्हणाला, अगदी हळू, “परक्या माणसासमोर?”

“परक्या माणसानंच शोधलं तिला,” मी म्हटलं.

डॉक्टरांना शब्द कळले नसतील, बाकीचं कळलं. त्यांनी नेम तपासला नाही. दादाला दिलेला परवानगीचा कागद परत मागितला आणि म्हणाले की कोल्हा चुकतो, माणसाचा हात चुकतो, त्याचं काही नाही, ते तुम्ही परत शिकाल. आकड्याचं मात्र मला आवडलं नाही. मग गाडीतून फावडं आणून त्याच्या हातात दिलं. दादानं नव्या हिरव्या पॅन्टमध्ये, त्या कडक बांधावर खड्डा खणला. मी मदतीला गेले नाही. कुत्रा तेवढा शेजारी बसून बघत होता.

बॉबलिंगेनपर्यंत तासाभराचा रस्ता होता. माझा राग रस्त्यात कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. गाव जवळ आलं तसा गाडीतल्या स्पीकरवर वहिनींचा फोन वाजला. सकाळपासून वाट बघत होत्या, उपमा करून ठेवला होता. त्यांनी विचारलं, मिळाला का हो कोल्हा?

“मिळाला,” दादा म्हणाला.

वहिनी खूश झाल्या. पहिल्याच गोळीत? त्यांनी विचारलं. दादानं रस्त्यावरची नजर काढली नाही. एक सिग्नल गेला. मग तो म्हणाला, “हं.”

मी स्पीकरकडे वाकले. “वहिनी, दुसऱ्या गोळीत,” मी म्हटलं. “आणि ती ह्यानं नाही झाडली.”